वर्षाचे धान्य डब्यात भरण्याआधी: ज्वारी, डाळी आणि पिठांची साठवण

सुगी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. पाडवा झाला, रब्बीची मळणी आटोपली आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेतातून मालदांडी ज्वारीचे दोन कट्टे, दहा किलो तुरीची डाळ, पाच किलो हरभऱ्याची डाळ आणि दोन पायल्या अख्खे मूग असा वर्षाचा वानोळा घरी येऊन पडला आहे. गावाकडे मोठे अंगण होते, सासूबाई होत्या आणि धान्य कधी हलवायचे हे त्यांना न सांगता कळत असे. येथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, आणि गच्ची सर्वांची मिळून एक आहे.

गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. वैशाखात मूग गच्चीवर दोन दिवस छान वाळवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात्यातल्या लग्नाला निघायचे होते, म्हणून उन्हातून उचललेले मूग तसेच कोमट असताना स्टीलच्या दोन डब्यांत भरले आणि झाकणे घट्ट लावली. श्रावणात डबा उघडला, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या थेंबांचे डाग होते आणि वरच्या थरातले मूग एकमेकांना चिकटून ढेकळासारखे झाले होते. मूठभर मूग उजेडात धरले, तर जवळजवळ प्रत्येक दाण्यावर मोहरीहून बारीक, पांढरा, चिकटवल्यासारखा ठिपका होता आणि अनेक दाण्यांना टोचणीने पाडावे तसे गोल भोक पडले होते. खालचा निम्मा डबा पिठासारख्या भुशाने भरला होता. सगळे मूग टाकून द्यावे लागले. शेतात ते वेचणाऱ्या बायांचे हात मी पाहिलेले आहेत, त्यामुळे ते टाकताना फार वाईट वाटले.

यंदा ही चूक पुन्हा करायची नाही. ज्यांच्याकडे वर्षाचे धान्य अजूनही भरले जाते, त्यांनी आपापली पद्धत कारणांसह सांगावी, ही विनंती.

गोदाकाठ (परभणी)

ताई, तुमच्या झाकणावरचे डाग हेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मी अनेक वर्षे धान्याच्या गोदामात काम केले आहे आणि गोदामात जे मोठ्या प्रमाणावर घडते तेच घरातल्या डब्यात लहान प्रमाणावर घडते. कोमट धान्यातून वाफ निघत राहते, रात्री पत्रा गार होतो, ती वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि ते थेंब वरच्या थरावर पडतात. वाळवून घालवलेला ओलावा अशा रीतीने आपणच परत धान्यात घालतो. म्हणून उन्हातून आणलेले धान्य सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात हात घालून ते थंड लागले, तरच झाकण लावावे.

ज्वारी, गहू यांच्यात बारा टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा नसावा आणि कडधान्यांत तो नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास असावा. घरी यंत्र नसते, पण दात असतात. दाणा दाढेखाली धरला असता कट्ट आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले, तर तो वाळला आहे आणि तो दबला किंवा चपटा झाला, तर अजून ऊन हवे. दुसरी एक साधी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बरणीत तीन भाग धान्य आणि एक भाग कोरडे बारीक मीठ घालून काही मिनिटे हलवावे व थोडा वेळ तसेच ठेवावे. मीठ काचेला चिकटले, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही म्हणजे धान्य वर्षभर ठेवण्याइतके वाळले असे मात्र होत नाही. शेवटचा निर्णय दाढेवरच करावा.

आता किडीविषयी. ज्याला आपण सोंडा किंवा टोका म्हणतो, त्याची मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, त्यात अंडे घालते आणि वरून लाळेसारख्या चिकट पदार्थाने छिद्र बुजवते. आळी दाण्याच्या आतच वाढते आणि आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी तापमानात साधारण महिन्याभरात नवा सोंडा बाहेर पडतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारी ज्वारी आतून किडलेली असू शकते आणि एकदा चाळून भरलेल्या डब्यात महिन्याने पुन्हा किडे दिसतात. लोक म्हणतात की चाळूनसुद्धा किडे कुठून आले, तर ते आतच होते. म्हणून पहिल्यांदा चाळल्यावर एक महिन्याने डबा पुन्हा एकदा उघडून बघणे फार महत्त्वाचे आहे.

ज्वारी भरण्यापूर्वी तिच्यातली चुरी, फुटके दाणे आणि कोंडा सुपाने पाखडून काढावा. पिठातला तांबडा भुंगेरा अख्ख्या दाण्याला सहसा काही करू शकत नाही, तो फुटक्या दाण्यावर आणि चुरीवर जगतो. चुरी काढली म्हणजे त्याचे अन्नच काढून घेतले. आणि जुनी ज्वारी डब्याच्या तळाशी शिल्लक असताना तिच्यावर नवी ओतू नये. जुने पोते वापरायचे असेल, तर त्याची शिवण उलटून पाहावी, कारण अंडी आणि आळ्या तेथेच दडून राहतात. पोते उकळत्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात वाळवून मगच वापरावे.

मांजराकाठ (लातूर)

काकांनी ज्वारीचे सांगितले, मी डाळीचे सांगतो. आमच्या जिल्ह्यात डाळ मिलांची कमतरता नाही आणि घरातल्या बायका अजूनही बोरसुरीची तूर वेगळी मागून घेतात, त्यामुळे हा विषय आमच्या घरी दरवर्षी होतो.

सुगीताई, तुमच्या मुगावरचे पांढरे ठिपके म्हणजे कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी होत. ही कीड बहुतेक वेळा शेतातूनच घरी येते, कारण भुंगेरा उभ्या पिकाच्या वाळत्या शेंगांवरही अंडी घालतो. आळी थेट दाण्यात शिरते आणि आतला गर खाऊन गोल भोकातून भुंगेरा होऊन बाहेर येतो. म्हणूनच अख्खे मूग, अख्खी तूर, चवळी, मटकी आणि हरभरा यांना धोका जास्त असतो, आणि तीच तूर भरडून, साल काढून डाळ केली की या भुंगेऱ्याचा त्रास बराच कमी होतो. माझ्या आजीची रीत अशी होती की बियाण्यापुरती तूर तेवढी अख्खी ठेवायची आणि खाण्याची सगळी तूर उन्हाळ्यातच जात्यावर भरडून घ्यायची. त्या रीतीमागचे कारण मला फार उशिरा कळले.

जे कडधान्य अख्खेच ठेवायचे आहे, त्याला खाण्याचे तेल चोळावे. किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच मिलिलिटर, एवढे तेल पुरते. आम्ही करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घेतो, काही घरी एरंडेल वापरतात. परातीत एक किलो मूग घ्यायचे, तेल तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी दाणे हळूहळू चोळायचे आणि प्रत्येक दाणा चमकला पाहिजे. तेलाच्या थरामुळे अंडे दाण्याला नीट चिकटत नाही आणि चिकटलेच, तर त्यातून आळी सहसा जगत नाही. पाच किलो एकदम घेऊन वरून तेल ओतले, तर खालचे दाणे कोरडे राहतात आणि मेहनत वाया जाते. तेल लावण्यापूर्वी ऊन दिले पाहिजे, नंतर नाही. ज्वारीला मात्र मी तेल लावत नाही, कारण भाकरीला तेलकट वास येतो आणि तो मला चालत नाही.

अख्ख्या मुगासाठी आमच्याकडे गोवरीची राखही वापरतात. ती चाळलेली, पूर्ण गार आणि कोरडी असावी. राखेचे कण किड्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण खरवडतात आणि तो सुकून मरतो. शहरात गोवरी मिळत नाही, पण ज्यांचे गावाकडे येणे-जाणे आहे त्यांना हे सहज जमेल.

चूल आणि चिमटा (जालना)

मी दरवर्षी तांदळात आणि डाळीत खडे मीठ घालते आणि काही मैत्रिणी आगपेटीच्या काड्या ठेवतात. हे बरोबर आहे का, हे कृपया कोणी सांगावे.

गोदाकाठ (परभणी)

काड्या लगेच काढून टाकाव्यात. काडीच्या गुलात रसायने असतात आणि ती खाण्याच्या वस्तूला लागण्याचे काहीच कारण नाही. मिठाचे सांगायचे, तर उन्हाळ्यात ते उपयोगी वाटते, पण हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओले होते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तेवढा दमटपणा अनेक दिवस असतो. म्हणजे ज्या महिन्यांसाठी मीठ घातले, त्याच महिन्यांत ते डाळ ओली करते. लवंग, तमालपत्र, लसणाच्या पाकळ्या यांच्या वासाने किडे काही काळ दूर राहतात, पण दाण्याच्या आत असलेली आळी त्याने मरत नाही. लसूण तर स्वतः ओला असतो.

कडुलिंबाचा पाला घालायचा असेल, तर तो सावलीत वाळवून, हातात चुरगाळला असता कुरकुर वाजेल इतका कोरडा करूनच घालावा. झाडावरचा हिरवा पाला तोडून तसाच डब्यात घालणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्या डब्यांत पाल्याभोवतीचे धान्य काळे पडलेलेही पाहिले आहे. शिवाय कडुलिंबाचा खरा कडूपणा पाल्यापेक्षा निंबोळीत अधिक असतो, म्हणून निव्वळ पाल्याच्या भरवशावर धान्य ठेवू नये.

सुगी (छत्रपती संभाजीनगर)

काका, एक विचारायचे राहिले. शेजारच्या एका वहिनींनी मला धान्यात ठेवायच्या टिकड्या दिल्या आहेत. कागदात गुंडाळलेल्या आहेत, वर नाव नाही. त्या म्हणाल्या की एका कट्ट्यात दोन ठेवल्या की वर्षभर बघायला नको. दुसऱ्या एकीने बोरिक पावडर तांदळाला चोळायला सांगितली. दोन्ही गोष्टी अजून वापरलेल्या नाहीत.

गोदाकाठ (परभणी)

ताई, वापरल्या नाहीत हे फार चांगले केलेत. हा प्रतिसाद सर्वांनी कृपया पूर्ण वाचावा.

नाव नसलेली टिकडी घरात ठेवू नये, कारण ती दोन वेगवेगळ्या विषांपैकी कोणतीही असू शकते. एक म्हणजे पाऱ्याची टिकडी. ती फडक्यात बांधून ठेवतात आणि जुन्या लोकांचा तिच्यावर विश्वास आहे, पण पारा हा शरीराला घातक असा जड धातू आहे आणि टिकडी फुटून तिचा चुरा धान्यात मिसळला, तर तो वेचून काढता येत नाही. दुसरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी, जी गोदामात ताडपत्रीखाली धुरी देण्यासाठी प्रशिक्षित माणसे वापरतात. हवेतला ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. गोदाम बंद असते, आत कोणी राहत नाही, नंतर ते मोकळे करून हवा खेळवतात आणि मगच माणसे आत जातात. घरात आपण त्याच खोलीत झोपतो. या विषावर उतारा उपलब्ध नाही. ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात अशी गोळी आणणे म्हणजे जिवाशी खेळ आहे आणि हे शब्द मी विचार करून लिहितो आहे.

तुम्हाला दिलेली पुडी उघडू नका, ती ओली होऊ देऊ नका आणि कचऱ्यात टाकू नका. ती लोकवस्तीच्या खोलीबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या कृषी विभागाच्या कार्यालयात ती कशी सोपवायची हे विचारा. बोरिक पावडर हीसुद्धा अन्नात घालण्याची वस्तू नाही. तांदूळ धुतल्यावर ती निघून जाते असे लोक समजतात, पण घाईत किती वेळा आणि किती पाण्यात धुतले जाते, हे घरात स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते.

तुराटी (हिंगोली)

वरचे वाचून मला आमच्या वाड्यातले पेव आठवले. अंगणात जमिनीखाली खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढे आणि आत ज्वारी. तोंड बंद झाल्यावर आतला दाणा आणि आतले किडे दोघेही श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो आणि किडे गुदमरून मरतात. त्याच कारणाने पेव उघडल्यावर आजोबा कोणालाही लगेच आत उतरू देत नसत. तोंड उघडून बराच वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा आणि तो विझला नाही, तरच माणूस उतरायचा. घाईने उतरून जीव गमावलेल्या माणसांच्या गोष्टी गावोगावी आहेत.

घरात रोजच्या वापरासाठी तुरीच्या काड्यांनी विणलेली, शेणामातीने आतून-बाहेरून लिंपलेली कणगी असे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो (तांबडी ज्वारी) खाऊन दिवस काढल्यामुळे आजी कणगीचा तळ कधीच दिसू देत नसे. पुढच्या वर्षीची सुगी घरात येईपर्यंत तळाशी दोन पायल्या ज्वारी राहिलीच पाहिजे, असा तिचा नियम होता.

पेवाचेच तत्त्व आज हवाबंद पिशव्यांत मिळते. बाहेर विणलेली पिशवी आणि आत प्लॅस्टिकची जाड अस्तरे असतात, आणि प्रत्येक अस्तराचे तोंड पिळून वेगवेगळे बांधतात. मी गेली काही वर्षे हरभरा अशाच पिशवीत ठेवतो आणि औषध लागत नाही. मात्र पिशवी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहील, ती वरचेवर उघडू नये आणि उंदरांपासून सांभाळावी, कारण एक भोक पडले की सगळा उपयोग संपला. आणि धान्य ओले असेल, तर हवाबंद पिशवीत ते लवकर आंबते व बुरशी धरते, म्हणून काकांची दाढेची परीक्षा येथेही पहिली.

बालाघाट (बीड)

आमचा भाग बाजरीचा, म्हणून पिठाविषयी लिहिते. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असतो आणि दळल्यावर तो हवेला उघडा पडतो, त्यामुळे बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागते. पावसाळ्यात आमच्या घरी चार-पाच दिवसांपुरतीच बाजरी दळतात. ज्वारीचे पीठ थोडे अधिक टिकते, पण पंधरा दिवसांपेक्षा जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते. दळून आणलेले पीठ गिरणीतून गरम येते. ते पसरट परातीत गार करून मगच डब्यात भरावे, नाहीतर सुगीताईंच्या मुगाचे झाले तेच पिठाचे होते.

रवा आणि दलिया मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून ठेवावा. बेसन आणि मैदा आणताना थोडाच आणावा. पिठाला गुलाबीसर छटा आणि तीव्र उग्र वास आला, तर तांबड्या भुंगेऱ्याचे उत्सर्ग त्यात मिसळले आहेत असे समजून ते टाकून द्यावे, चाळून वापरू नये.

जवस, कारळे आणि तीळ यांचेही असेच आहे. अख्खे ठेवले तर बरेच दिवस राहतात, कुटून ठेवले की खवट होतात. चटणी पंधरा दिवसांची करावी.

भाड्याची खोली (पुणे, मूळ जालना)

माझ्याकडे गच्ची नाही आणि आई दर दोन महिन्यांनी पाच-पाच किलो धान्य पाठवते. मी आणलेली डाळ आणि रवा घट्ट पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो. तेवढ्या थंडीत अंडी आणि आळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाही. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाहेरच्या बाजूला पाणी जमते, ते पुसतो आणि मग डब्यात ओततो. पहिल्या वेळी लगेच उघडली होती आणि सगळा रवा दमट झाला होता.

मांजराकाठ (लातूर)

शेंगदाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून दोन ओळी. शेंगा सालासकट ठेवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. काळपट, हिरवट बुरशीचे किंवा सुरकुतलेले दाणे चटणीत दडपू नयेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्णपणे जात नाही.

सुगी (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. धागा बराच खाली गेला आहे, पण काय केले आणि काय झाले हे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

वैशाखात सोसायटीची गच्ची तीन दिवसांसाठी मागून घेतली. ताडपत्रीवर ज्वारीचा दोन बोटे जाडीचा थर पसरला, दर तासाला पायाने सरी ओढून तो उलटला आणि तिसऱ्या दिवशी दाढेखाली कट्ट आवाज आला. रात्रभर घरात जुन्या सुती चादरींवर ज्वारी गार केली. मृग लागण्याच्या आठ दिवस आधी सगळे भरून झाले. कोठी भिंतीपासून वीतभर दूर, दोन फळ्यांवर ठेवली. मुगाला शेंगदाण्याचे तेल एकेक किलो करून चोळले, त्यात अख्खी दुपार गेली. प्रत्येक डब्याला भरल्याची तारीख लिहून चिकटवली आणि महिन्याने एकदा सगळे डबे उघडले. तेव्हा ज्वारीत चार सोंडे सापडले, म्हणून तो कट्टा पुन्हा चाळून एक दिवस उन्हात घातला. काका, तुम्ही तो महिना सांगितला नसता तर मी डबा उघडलाच नसता.

टिकड्यांची पुडी कृषी विभागाच्या कार्यालयात नेऊन दिली. वहिनींना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांच्याकडे आणखी सहा पुड्या होत्या आणि त्यांच्या घरी दीड वर्षांचा नातू आहे. त्याही त्यांनी माझ्याबरोबर येऊन दिल्या.

काल महालक्ष्म्यांच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ काढली. झाकणाची आतली बाजू कोरडी होती. मुगाचा डबाही उघडून मूठभर दाणे खिडकीतल्या उजेडात धरले, त्यांच्यावर तेलाची चमक अजून आहे आणि ठिपका एकाही दाण्यावर दिसला नाही. दुकानातून आणलेल्या रव्याच्या एका पुड्यात मात्र जाळी निघाली. तो पुडा भाजायचा राहून गेला होता. आज सकाळी दुसरा आणला आहे आणि हे लिहिताना तो कढईत आहे.